मिक्सटेपसाठी डोंबिवलीच्या स्टुडिओत ११ तास: रेकॉर्डिंगला जा, पॅकेज घेऊ नका

गेल्या वर्षी माझी रॅपची मिक्सटेप (अल्बमपेक्षा साधा असा गाण्यांचा संच) काढली, सहा ट्रॅकची, सगळी मराठीत, आणि तेव्हापासून सायफरला, म्हणजे गोल करून रॅप करतो तिथं, भेटणारी पोरं एकच विचारतात की कुठं केलं, किती लागले, आम्ही पण तिथंच जाऊ का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. स्टुडिओ डोंबिवली पूर्वेला आहे, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, वन बीएचके आहे, हॉलमध्ये कॉम्प्युटर आणि स्पीकर, बेडरूमचा बूथ, म्हणजे रेकॉर्डिंगची बंद खोली, केलाय. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि दोनच माणसं मिळून चालवतात, माझ्या लिहिण्यामुळं त्यांचं गिऱ्हाईक तुटावं असं मला अजिबात वाटत नाही.

आधी मी घरीच रेकॉर्ड करायचो. कल्याण पूर्व, कोळसेवाडी, रूळ जवळ. मे महिन्यात पंखा बंद, खिडकी बंद, डोक्यावरनं गोधडी आणि आत मी आणि स्वस्तातला यूएसबी माइक, आणि टेक चांगला जमत आला की नेमका गाडीचा भोंगा. डेमोला चालतं ते. पण मिक्सटेप ज्याला पाठवणार तो माणूस आपल्याला ओळखत नाही, त्याच्या कानावर आपला आवाज पहिल्यांदा पडणार तो असा पडू नये एवढंच डोक्यात होतं, म्हणून पैसे साठवले आणि १५ हजारांचं पॅकेज घेतलं. त्यात सहा ट्रॅकचं रेकॉर्डिंग, मिक्स-मास्टर (आवाज आणि संगीत जुळवून शेवटची फाइल तयार करणं), कव्हर आणि सगळ्या ॲपवर रिलीज असं सगळं येतं.

आता रेकॉर्डिंगबद्दल, आणि यावर मी जास्त लिहिणार आहे कारण तिथला रेकॉर्डिंग करणारा दादा म्हणजे खरंच वेगळा माणूस आहे. पहिल्या दिवशी त्यानं माइक चालूच केला नाही. म्हणाला, कागदावर लिहून आणलंयस का? माझं सगळं मोबाइलमध्ये. मग त्यानं मला बसवून वर्स, म्हणजे रॅपचं कडवं, हातानं लिहायला लावला आणि पेन्सिलनं श्वास कुठं घ्यायचा तिथं खुणा केल्या. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) बीटवर १६ बार (एका बारला चार ठोके) म्हणजे जेमतेम ४३ सेकंद, पण तेवढ्यात मी दोन ठिकाणी शब्द गिळत होतो आणि मला वर्षभर ते कळलंच नव्हतं, कारण ऐकताना आपले शब्द आपल्याला पाठ असतात ना, कान आपोआप भरून घेतो.

मग हुक, म्हणजे परत परत येणारं धृपद. माझ्या हुकमध्ये कोळसेवाडी येतं. तीन टेक झाले, मला वाटलं भारी झालंय, बाहेर आलो तर दादा म्हणतो, "तू कोलसेवाडीचा आहेस का कोळसेवाडीचा?" मी परत ऐकलं आणि खरंच, स्पीडमध्ये ळ चा ल होत होता, सगळीकडे, काळं, वेळ, गळा, सगळं पुसट. त्यानं १४ टेक घेतले त्या एका ओळीचे. एकदाही आवाज चढवला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी म्हणाला की फ्लो थोडा मागं घे, ळ ला जीभ वळायला वेळ लागतो तो दे तिला, बीट कुठं पळून जात नाहीये. चौदाव्या टेकला ते आलं आणि अंगावर काटा आला माझ्या. आपल्या एरियाचं नाव आपल्याच तोंडून पहिल्यांदा नीट ऐकल्यासारखं वाटलं. हे घरी, कितीही महागडा माइक आणा, होणार नव्हतं, कारण समोर मराठी ऐकणारा कान लागतो. इंग्रजी ट्युटोरियल बघून बघून आपण पी आणि बी साठी पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची हवा अडवणारी जाळी, लावायला शिकतो, पण भ, फ, ध, ख च्या हवेचं कोण सांगतं? यानं सांगितलं, माइकपासून एक वीत लांब उभा राहा आणि जिथं भ जोरात येतो तिथं तोंड थोडंसं तिरकं कर. झालं, फटफट आवाज गायब. डबल (तीच ओळ वरून परत म्हणणं) आणि ॲडलिब (मध्ये मध्ये टाकायचे सुटे शब्द) पण त्यानं वेगळ्या दिवशी घेतले, आवाज ताजा पाहिजे म्हणून.

सगळे मिळून ११ तास लागले, चार सिटिंगमध्ये. पूर्ण मार्क.

मिक्सिंग मात्र दुसरा करतो आणि तिथं सगळी मजा गेली. मी ऑटोट्यूनच्या (आवाजाचा सूर मशीननं सरळ करणं) विरोधात नाही, मेलडीवाल्या हुकला छान वाटतं, पण माझ्या बोलल्यासारख्या वर्सवर पण तेच चढवलं आणि ज्या ळ साठी १४ टेक दिले तो परत लोण्यासारखा वितळला. वर मास्टर एवढा लाउड की ड्रमला काही दणकाच उरला नाही, सगळं एका रेषेत. का एवढं लाउड विचारलं तर उत्तर आलं की क्लायंटला लाउडच आवडतं. अहो पण स्पॉटिफाय नॉर्मल सेटिंगला सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या (लाउडनेस मोजायचं माप) आसपास आणून ठेवतं, तुम्ही किती पण चढवा तो खाली ओढणारच, मग हातात राहतं काय तर चपटं झालेलं गाणं. मी मोबाइलच्या स्पीकरवर, रिक्षात, मित्राच्या ब्लूटूथवर, सगळीकडे ऐकून बघितलं, किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, कुठंच लागत नव्हती. दोनदा बदल करून मागितले, दोन्ही वेळा जवळपास तेच परत आलं. शेवटी स्टेम्स, म्हणजे आवाज, ड्रम वगैरेच्या सुट्या फाइल्स, मागितले तर त्याचे एक हजार वेगळे म्हणाले, जे पॅकेज घेताना कुणी बोललं नव्हतं. दिले मी, आणि पुण्याच्या एका पोराकडून ट्रॅकला १,२०० देऊन सहाही परत मिक्स करून घेतले.

रिलीज हा तिसरा भाग आणि त्याबद्दल राग आहे मला. मी साधं सांगितलं होतं की घाई नाहीये, पुण्याचे मिक्स आले की मगच टाका. पुण्याच्या फाइल्स दिल्या त्याच आठवड्यात गुरुवारी रात्री मेसेज आला, उद्या लाइव्ह होतंय भावा. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या एडिटरकडे गाणं पाठवायचं असेल तर ते रिलीजच्या आधीच पाठवावं लागतं, निदान सात दिवस आधी पाठवा असं ते सांगतात, रिलीजनंतर काही करता येत नाही. तो चान्स गेला. शिवाय त्यांनी स्वतःच्याच अकाउंटवरून टाकलं, माझ्या नावाचा अजून एक आर्टिस्ट आहे त्याच्या प्रोफाइलवर माझे दोन ट्रॅक जाऊन बसले, आणि ते सोडवायला मला लॉगिन नाही. तीन आठवडे फोन करत होतो.

एक चूक माझी पण होती आणि ती लपवत नाही. सहापैकी एका ट्रॅकची बीट मी यूट्यूबवरून फ्री म्हणून घेतली होती. फ्री म्हणजे नुसतं अपलोड करून ऐकवायला फ्री, स्ट्रीमिंगवर टाकायचं तर लीज, म्हणजे पैसे देऊन वापराची परवानगी, घ्यायलाच लागतं. कॉपीराइटचा क्लेम आला, ट्रॅक काढावा लागला, लीज घेऊन परत टाकला. पण सहा ट्रॅक रिलीज करून देतो म्हणणाऱ्यानं बीटचे कागद एकदा तरी विचारायला नकोत का?

काही जण म्हणतात मिक्सटेप आहे, अल्बम थोडीच, दुसऱ्याच्या बीटवर चालतं. चालायचं, एके काळी. अमेरिकन रॅपर फिफ्टी सेंटनं २००२ मध्ये तेच केलं, दुसऱ्यांच्या हिट बीटवर स्वतःचे बार टाकून टेप रस्त्यावर सोडल्या आणि पुढच्या वर्षी मोठा अल्बम आला. पण तिथंही २००७ च्या जानेवारीत अटलांटाला मिक्सटेप काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या ऑफिसवर पोलिसांची धाड पडली, हजारो सीडी उचलून नेल्या, आणि गंमत बघा, त्या टेप म्हणजे लेबलवाल्यांच्याच आर्टिस्टची फुकट जाहिरात होती. आता तर पोलीस पण लागत नाहीत, मशीनच ओळखतं. फक्त इन्स्टावर वर्स टाकायचा तर बघा तुमचं तुम्ही, पण नावानं रिलीज करायची तर सगळ्या बीटच्या लीजची फाइल आधी फोल्डरमध्ये ठेवा.

पैशाचं सांगतो. सुटं रेकॉर्डिंग ४०० रुपये तास आहे, म्हणजे माझे ११ तास ४,४०० झाले असते. पुण्याचं मिक्स ७,२००. डिस्ट्रिब्युटरचं (ॲपवर गाणी टाकून देणारी कंपनी) अकाउंट स्वतःच्या नावानं काढलं असतं तर वर्षाचे दीड-दोन हजार. सगळं धरून पावणेचौदा हजारांच्या आत, आणि मास्टर, लॉगिन, तारीख सगळं आपल्या हातात. मी १५ आणि वर परत आठ हजार घातले. कव्हर तर त्यांनी स्टॉकमधला हुडीवाला फोटो लावून दिलेला, तो पण बदलला, बहिणीनं पुलावरून काढलेला फोटो ३००० बाय ३००० करून टाकला आणि लोक तोच फोटो बघून विचारतात की हा कल्याणचा पूल ना.

जाणार असाल तर संध्याकाळचा स्लॉट घेऊ नका, खालच्या मजल्यावर तबल्याचा क्लास असतो आणि बूथमध्ये थोडा येतो. सकाळी ११ चा घ्या. दादा कोणत्या दिवशी आहे ते आधी विचारा, तो नसेल तर बुकिंग पुढं ढकला. वर्स कागदावर लिहून न्या, पाण्याची बाटली न्या, आणि हार्ड डिस्क न्या, निघायच्या आधी त्या दिवसाच्या सगळ्या फाइल्स कॉपी करून घ्या, सुट्या रेकॉर्डिंगला त्याचे पैसे घेत नाहीत, मी विचारून घेतलंय.

दोन नवीन ट्रॅक लिहून तयार आहेत माझे. पुढच्या मंगळवारी सकाळचा स्लॉट घेतलाय, तीन तास, फक्त रेकॉर्डिंग.