कॅन्सरवरची बिनलेबलची पुडी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नानांचा लिव्हरचा रिपोर्ट वाढून आला आणि डॉक्टरांना जेफिटिनिब ही कॅन्सरवरची गोळी थांबवावी लागली, म्हणून हे लिहितोय. फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, ईजीएफआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत त्या नावाच्या जनुकात बदल सापडलेला. ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांना जास्त सांगायला नको. गोळी चालू होतीच. अमळनेरच्या पाहुण्यांनी सुचवली म्हणून जोडीला एका वैद्यांची पुडी सुरू केली. महिन्याचे साडेचार हजार.

आधी चांगलं सांगतो. थोड्याच दिवसांत नानांची भूक उघडली. कळण्याची भाकर न् ठेचा मागून खाल्ला. "आते भाकर गोड लागस," म्हणाले. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी "घ्या" म्हणालो असतो.

आता म्हणणार नाही, आणि त्याला कारण तो डबा. डब्यावर वैद्यांचा फोटो आहे, गणपती आहे, 'कॅन्सरवर रामबाण' आहे. आत काय आहे ते कुठेच नाही. लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, तारीख नाही. बाजारात विकायच्या आयुर्वेदिक औषधावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ पासून बंदी आहे. अहो, शेवेच्या पाकिटावरसुद्धा घटक छापलेले असतात!

एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, वाढल्यावर डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "पुडीत काय आहे?" जेफिटिनिबनेही लिव्हर बिघडू शकतं. गुळवेल, अश्वगंधा, हळदीचा अर्क यांनी बिघडल्याच्याही केसेस नोंदलेल्या आहेत. यादी असती तर शोधायला काही धागा मिळाला असता. नव्हती, म्हणून दोन्ही बंद. ज्या गोळीने स्कॅनमधली गाठ लहान झाली होती, तीच थांबली. भुकेचंही तसंच. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि त्याने भूक वाढते, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या पुडीत आहे की नाही, कोण सांगणार?

वैद्यांना फोन केला. "पिढीजात फॉर्म्युला आहे, सांगता येत नाही."

झाडपाल्याशी माझं वैर नाही. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध 'यू' नावाच्या झाडाच्या सालीतून आलं, फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं व्हिनोरेलबिन सदाफुलीतल्या द्रव्यांपासून बनतं. पण त्या बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात.

पुडी सुटली, एसजीपीटी उतरला, गोळी परत सुरू झाली. भूक पुन्हा कमी झालीय. रात्री दम लागायचा त्यावर पॅलिएटिव्ह विभागाने, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या विभागाने, मॉर्फिनचा अगदी लहान डोस दिलाय, नाना झोपतात. हा विभाग म्हणजे शेवटचे दिवस, असं आपल्याकडे समजतात. ते खरं नाही. अमेरिकेतल्या २०१० च्या अभ्यासात याच कॅन्सरच्या पसरलेल्या स्टेजमध्ये सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले असा आकडा) ११.६ महिने भरलं, इतरांचं ८.९. साडेचार हजार खर्चायचेच असतील तर तिथे जाण्या-येण्यावर खर्चा.

उरलेले डबे वैद्य परत घेत नाहीत, पावतीही दिलेली नाही. ते डबे तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाच्या जळगाव कार्यालयात देणार आहे. कुणाकडे अशाच पुडीची पावती असेल तर कळवा, तक्रारीला जोडता येईल.