तगरीवरच्या हॉकमॉथसाठी जाळीची पेटी: घ्या, पण तळ बदला

ही घडीची, चौकोनी जाळीची पेटी फुलपाखरांच्या अळ्या पाळायला म्हणून ऑनलाइन मिळते. मी ती डाफ्निस नेरीआय या हॉकमॉथ पतंगासाठी घेतली, तेव्हा अभिप्राय त्याच अंगाने वाचावा.

आमच्या इंदिरानगरात सोसायट्यांच्या कुंपणाला तगर असतेच. पावसाळ्यात तिचे कोवळे शेंडे फस्त झालेले दिसले आणि खाली जाडजूड काळपट लेंड्या पडलेल्या असल्या, की हीच अळी समजायची. माळीदादा औषध मारायच्या आत मी मिळतील तेवढ्या घरी आणते. "ताई, शिंग मारंल ना ती!" असं ते दर वेळी म्हणतात. शेपटीवरचं ते शिंग मऊ असतं, त्याने काहीही होत नाही. जपायचं ते झाडाच्या चिकापासून. तगर चालते तशी हिला कण्हेरही चालते, आणि कण्हेर चांगलीच विषारी. पाला बदलल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलं घरात असतील तर तगरच वापरा.

पेटीची जाळी उत्तम. वीण बारीक असल्याने परजीवी माश्या आत शिरत नाहीत. मोठी झालेली अळी आणली, तर माशीने तिच्यावर आधीच अंडी घातलेली असू शकतात आणि शेवटी पतंगाऐवजी माश्याच बाहेर पडतात. म्हणून अंडं किंवा अगदी लहान अळी शोधावी. अंडं फिकट हिरवं, गोल, कोवळ्या पानावर एकेकटं असतं.

एका बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी आहे. मोठी अळी डिवचली गेली की डोकं आत ओढते, डोक्यामागचा भाग फुगतो आणि त्यावर काळ्या कडेचे दोन निळे-पांढरे डोळे वटारलेले दिसतात. ते नुसते ठिपके आहेत हे ठाऊक असूनही माझा हात मागे येतो. हे बघायला खिडकी हवीच, पण पावसाळ्यात तिच्यावर आतून वाफ धरते. लेंड्या रोज काढा, नाहीतर बुरशी ठरलेली.

खरी अडचण तळाची. बनवणाऱ्याने छताला लटकणारे फुलपाखरांचे कोष डोळ्यांसमोर ठेवलेत. ही अळी कोषावर जायच्या वेळी पाठीवर तपकिरी पडते, खाणं सोडून जमिनीवर उतरते आणि पाचोळ्यात विरळ धाग्यांचा आडोसा करते. इथे तळाला नुसतं गुळगुळीत कापड, त्यामुळे बिचारी कोपरे धुंडाळत फिरत राहते. मी उथळ ट्रेमध्ये कोरडी माती आणि वर बदामाची वाळकी पानं घालून आत ठेवते. विकणाऱ्यांनी माहितीपत्रकात एवढं लिहायला हवं होतं.

पतंग बाहेर येतो तेव्हा मात्र पेटीचे पैसे वसूल होतात. चुरगळलेले ओले पंख घेऊन तो चढायला आधार शोधतो. जाळीत पाय पक्के रुततात, पंख खाली लोंबत हळूहळू भरत जातात आणि हिरव्या-गुलाबी पट्ट्यांची नक्षी उलगडते. काचेच्या बरणीत पाय घसरून पंख वाकडेच वाळायची भीती असते. पसरलेल्या पंखांची रुंदी नऊ ते अकरा सेंटिमीटर भरते, म्हणून दोन फूट उंचीचाच आकार घ्या. त्याच संध्याकाळी सोडून द्या. मधुमालतीसारख्या फुलांसमोर हवेत एका जागी थांबून मध पिणारा हा जीव, कोंडला तर जाळीवर आपटून पंख फाडून घेतो.

निफाडकडे द्राक्षवेलीवर दिसणाऱ्या शिंगवाल्या अळ्या वेगळ्या, हिप्पोशन सेलेरिओ किंवा थेरेट्रा. त्यांना द्राक्षाची पानं द्यावीत. डाफ्निसमधलीच हायपोथस ही जातसुद्धा सिंकोना-कदंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. तेव्हा अळी ज्या झाडावर मिळाली, त्याचाच पाला आत ठेवा.

चेन कोपऱ्यावर अडकते. ओढण्याआधी तिथे अळी नाही ना, हे बघून घ्या. पाचपैकी चार तारे, एक तळासाठी कापला.