अपडेटनंतर इंकस्केप उघडेना : उबंटू २४.०४, आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी हे लिहायला बसलो असतो, तर नुसती अपडेटच्या नावानं बोटं मोडली असती. उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२.०४ वरून २४.०४ वर गेलो ते ऐन कार्तिकात. फोंड्यातल्या जत्रांच्या नाटकांची हँडबिलं माझ्याकडे होतात, सगळी इंकस्केप या चित्रं-मजकूर मांडायच्या प्रोग्रॅमवर. रात्री अपडेट केलं. सकाळी आयकॉनवर क्लिक केलं, चक्र फिरलं आणि थांबलं. विंडो नाही, एरर नाही. मला अजून सलतं ते हेच. प्रोग्रॅम पडला तर पडू दे, पण का पडला ते पडद्यावर यायलाच हवं!

इंकस्केप दोनदा काढून परत घातलं, सेटिंगचं फोल्डर बाजूला ठेवलं. काही फरक नाही. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारूया, आठशे रुपये. लॅपटॉप काखोटीला मारून घरी आलो.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, नुसतं इंकस्केप टाइप केलं, तर उघडलं! मेनूतून मात्र नाही. नवा युजर बनवला, तिथे मेनूतूनही उघडलं. म्हणजे सिस्टिम धड होती, घोळ माझ्या होम फोल्डरात, म्हणजे माझ्या युजरच्या फायली असतात तिथे. मग सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी जर्नलसीटीएल ही कमांड चालवली, पुढे डॅश डॅश युजर लावून. तिथे कारण लिहिलेलंच होतं: सिंबल लुकअप एरर, पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीला (लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) हार्फबझमधलं एक फंक्शन सापडत नव्हतं.

हार्फबझ म्हणजे जोडाक्षरं जुळवणारी लायब्ररी. नाव वाचलं आणि आठवलं. २०२२ मध्ये एका फॉन्टमधला 'श्री' नीट बसेना, म्हणून मीच तिची तेव्हाची नवी आवृत्ती कंपाइल करून होममध्ये ठेवली होती. मेनूच्या लाँचरची, म्हणजे मेनूतून प्रोग्रॅम उघडणाऱ्या फाइलची, प्रत होममधल्या डॉट लोकल फोल्डरात घेऊन तिच्या एक्झेक ओळीत, म्हणजे काय चालवायचं ते सांगणाऱ्या ओळीत, एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे लायब्ररी आधी कुठे शोधायची तो पत्ता, घातला होता. डॉट लोकलमधली प्रत सिस्टिमच्या लाँचरआधी धरली जाते. अपडेटनं पँगो नवा आणला, हार्फबझही २.७ ची ८.३ केली; पण माझ्या त्या ओळीमुळे नव्या पँगोच्या गळ्यात जुनीच लायब्ररी पडत होती. दोन्हींचं नाव एकच, लिबहार्फबझ डॉट एसओ डॉट शून्य, म्हणून प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणाऱ्या लोडरनंही ती मुकाट्यानं घेतली.

लाँचरची प्रत उडवली, इंकस्केप उघडलं. 'श्री' आता सिस्टिमच्या लायब्ररीनंच छान बसतो.

बाकी २४.०४ बद्दल तक्रार नाही, जुन्या लॅपटॉपवरही काम अडत नाही. होममध्ये हातानं काही घातलं की तारीख टाकून वहीत लिहितो. आणि चवथ होईपर्यंत मोठं अपडेट करणार नाही, आमंत्रणांची कामं सुरू झालीत.