हेल्मेट आधी की मागचा दिवा?

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर सायकलवाल्याने आधी काय घ्यावं? रात्री महामार्गाने जाणारा असेल तर मागचा लाल दिवा. दिवसा शाळेत जाणारं पोर असेल तर हेल्मेट.

हेल्मेट कामाला येतं पडल्यावर. खडीवर चाक घसरलं, डोकं आपटलं, की आतला थर्माकोल चेपतो आणि धक्का झेलतो. पण युरोपच्या ईएन १०७८ मानकातली सपाट पृष्ठभागावरची चाचणी ताशी सुमारे २० किलोमीटरच्या आपटीची असते. मागून भरधाव ट्रकची धडक बसली तर ते कितीसं पुरणार?

दिवा ती धडकच टाळू पाहतो. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तरी ३३ मीटर गेलेच. डिपरच्या उजेडात गडद शर्ट दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. दिवा कितीतरी आधी दिसतो.

एमआयडीसीची रात्रपाळी सुटताना बघा. कॅरिअरला डब्याची पिशवी, आणि ती नेमकी रिफ्लेक्टरवर लोंबतेय! म्हणून दिवा पिशवीआड जाणार नाही अशा जागी लावा आणि त्यावरचा चिखल पुसत जा.

डावीकडे वळणाऱ्या ट्रकपुढे मात्र दोन्ही तोकडे. क्लीनरच्या बाजूची सायकल चालकाला बऱ्याचदा दिसतच नाही. चौकात त्या फटीत शिरू नका, ट्रकच्या मागेच थांबा.