खर्चनोंदीचं ॲप: वर्षभराच्या वापरानंतर

नोकरी सोडून स्वतःचं भाषांतराचं काम सुरू करायचं होतं, म्हणून हे ॲप घेतलं. त्यातला ‘ठरावीक खर्च’ हा विभाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. घरभाडं, हप्ते, विमा, इंटरनेट, वर्गण्या सगळं एका पानावर दिसतं. वर्षातून एकदा भरायच्या रकमेला ते 12 ने भागून दर महिन्यात दाखवतं. विम्याचा हप्ता आला की माझी दरवर्षी धांदल व्हायची, ती यंदा झाली नाही.

पण खरी किंमत कळली ती एका आकड्यामुळे: ‘एका महिन्याचा खर्च साठवायला किती महिने लागतात’. माझ्या कमाईच्या 100 भागांपैकी 75 खर्च व्हायचे आणि 25 उरायचे, म्हणजे 3 महिने. न वापरलेल्या 2 वर्गण्या बंद केल्या, लहान घरात राहायला गेले, खर्च 60 वर आला. आता 40 उरतात, म्हणजे दीड महिना पुरतो! वेळ निम्मा झाला, कारण खर्च घटला की बचत वाढते आणि साठवायची रक्कमही कमी होते. शिवाय भाडं एकदाच कमी झालं, रोज मन मारावं लागत नाही.

उणिवा आहेत. रोख खर्च हातानेच भरावा लागतो. भाडं वाढलं तरी जुनाच आकडा राहतो, आपण बदलेपर्यंत. आणि ॲपची स्वतःचीच मासिक वर्गणी आहे, हे मला मुळीच पटत नाही. एकदाच पैसे घेणारा पर्याय त्यांनी द्यावा.

ज्यांची कमाई दर महिन्याला बदलते, त्यांनी जरूर वापरावं. 5 पैकी 4 तारे.