दोन तोंडांचा एअर पंप, आठ महिने वापरून

टाकी ६० लिटरची, त्यात तीन गोल्डफिश. गर्दी आहे, माहीत आहे. मोठी टाकी घ्यायचं चाललंय. उन्हाळ्यात पहाटे उठलं की तिघंही पाण्याच्या वर तोंडं काढून उघडझाप करत असायचे आणि दुपारपर्यंत आपोआप खाली जायचे. आधी पाणी तपासलं. तुम्हीही तेच आधी करा, कारण नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारं विषारी द्रव्य) चढलेलं असेल तर माशांच्या रक्तालाच प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, मग कितीही बुडबुडे सोडा. माझ्याकडे ते शून्य होतं. दोष रात्रीचा होता: अंधारात पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात, आणि कोमट पाण्यात तो मुळातच कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात.

म्हणून हा पंप आणला. हवा भरपूर देतो, दोन एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचे, बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) आरामात चालतात. आवाजाबद्दल मात्र खोक्यावर 'सायलेंट' लिहिणाऱ्याने तो माझ्या उशाशी एक रात्र ठेवून बघावा. लाकडी फळीवर ठेवला की फळीच घुमायला लागते. खाली जाड स्पंजचा तुकडा सरकवल्यावर मला झोप लागली.

खरी तक्रार वेगळी आहे. खोक्यात पंप, नळी, दोन स्टोन एवढंच. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे नळीतून पाणी उलटं येऊ न देणारी झडप, नाही! मी पंप टाकीच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. रात्री वीज गेली, हवेचा दाब संपला आणि पाणी त्याच नळीतून उलटं खाली यायला लागलं. सकाळी फरशीवर तळं, टाकी चार बोटं रिकामी, आणि पंपाशेजारीच विजेचा बोर्ड. बोर्ड कोरडा राहिला हे नशीब. बोटाएवढा तो व्हॉल्व्ह मी वेगळा विकत आणला. बसवताना तोंडाने फुंकून बघा: ज्या बाजूने फुंकर जाते ती बाजू पंपाकडे. तो उलटा बसवून "पंप बिघडला" म्हणत मी अर्धा तास घालवलाय. पंप आता पाण्याच्या पातळीच्या वर आहे, आणि वायरला प्लगच्या खाली झोळ दिलाय, म्हणजे ओघळ आलाच तर तिथूनच खाली ठिबकेल.

बुडबुडे स्वतः फार प्राणवायू देत नाहीत. ते वर येताना खालचं पाणी वर आणतात, पृष्ठभाग हलवतात, आणि तिथे हवेतला प्राणवायू विरघळतो. त्यामुळे झाकण घट्ट लावू नका. पंप खोलीतलीच हवा ओढतो, तेव्हा डासांचा फवारा मारायचा असेल तर पंप आधी बंद करा आणि खोली मोकळी झाल्यावरच लावा. बेटा जातीचा मासा पाळत असाल तर झोत अगदी मंद ठेवा; त्याला खळखळाट सोसत नाही, शिवाय तो वर येऊन थेट हवाही घेतो. प्राणवायूसाठी पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचा सल्लाही मला मिळाला होता. मात्रा चुकली तर कल्लेच भाजतात, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

स्टोन दोन-अडीच महिन्यांत चोंदले. चोंदलेला स्टोन तसाच चालवला तर पंपाच्या आतल्या रबरी पडद्यावर ताण येतो, हे मला पडदा फाटल्यावर कळलं. तो सुटा मिळतो, चार स्क्रू काढून घरी बदलता येतो, हा या पंपाचा मोठा गुण.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण आवाजाचा कापला, एक त्या व्हॉल्व्हचा. मासे आता पहाटे तळाशी खडे उचकत असतात, मी उठलो की खाण्यासाठी वर येतात.