जर्मनीत कॉफी प्यावी कुठे: बेकरी, कोंडिटोराय की रोस्टरी?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसापुढे बाहेर कॉफी पिण्याचे साधारण तीन पर्याय असतात: कोपऱ्यावरची बेकरी, केकसाठी नावाजलेली कोंडिटोराय आणि मोठ्या शहरांत अलीकडे उभ्या राहिलेल्या, बिया स्वतः भाजणाऱ्या छोट्या रोस्टरी.

बेकरी ही रोजची सोय आहे. ती भल्या सकाळी उघडते आणि रविवारी बाकीची बहुतेक दुकाने बंद असतानाही अनेक ठिकाणी काही तास चालू असते. कॉफी बहुधा बटण दाबले की यंत्रातून येते, ती उंच टेबलाशी उभ्यानेच संपवायची असते आणि ओळख वाढावी इतका वेळ तिथे कोणालाच नसतो. सोबत न्यायची असल्यास ठेव भरून मिळणारा कप मागावा. २०२३ पासून मोठ्या विक्रेत्यांना पुन्हा वापरता येणाऱ्या कपाचा पर्याय ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

कोंडिटोरायमध्ये मात्र दुपारी तीननंतर, हाताशी तासभर ठेवूनच जावे. बऱ्याच जुन्या कोंडिटोरायमध्ये आधी काचेच्या कपाटापुढे उभे राहून केक निवडायचा, तिथे मिळालेली चिठ्ठी घेऊन टेबलाशी बसायचे आणि वाढणारी व्यक्ती आली की चिठ्ठी देऊन कॉफी सांगायची, अशी रीत असते. ती ठाऊक नसलेला नवखा माणूस टेबलाशी नुसताच ताटकळत राहतो. कॉफी एक कप किंवा साधारण दोन कपांची छोटी किटली अशी मिळते. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये मुलाच्या वहीतल्या टीपकागदातून कॉफी गाळून कागदी फिल्टरची नोंदणी केली आणि पुढे तीच गाळलेली, नितळ कॉफी जर्मन घराघरांत रुळली. आटवलेल्या दुधातल्या कॉफीची सवय असलेल्याला ती पहिल्या घोटाला पाणचट आणि कडवट वाटेल, पण गोड केकच्या जोडीला हा कडवटपणाच शोभतो, असे माझे मत आहे. शाकाहारी वाचकांनी मलईच्या केकमध्ये जिलेटिन आहे का, हे विचारून घ्यावे. श्वार्त्सवाल्ड (ब्लॅक फॉरेस्ट) चेरी केकमध्ये चेरीचे मद्य असते आणि अंडे तर बहुतेक केकमध्ये असतेच. जुन्या ठिकाणी कार्ड चालेलच असे नाही, म्हणून खिशात रोकड असावी, आणि टिप टेबलावर न ठेवता पैसे देतानाच टिप धरून एकूण रक्कम सांगावी.

निव्वळ चवीचा प्रश्न असेल, तर रोस्टरी सरस ठरते. हलक्या भाजणीची, किंचित आंबूस कॉफी तिथे मन लावून केली जाते आणि बर्लिनसारख्या शहरात इंग्रजीवर सहज निभते. मात्र कप महाग पडतो आणि भोवती बरेचदा आपल्यासारखेच परदेशी असतात.

खर्च आवरायचा असेल तर घरी फिल्टर लावणे सर्वांत स्वस्त, जरी भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २.१९ युरो इतका स्वतंत्र कर सरकार घेत असले तरी.

कामाच्या दिवसांसाठी मी बेकरीच सुचवेन, पण जर्मन माणसे निवांत कशी बसतात हे पाहायचे असेल, तर महिन्यातला एखादा रविवार कोंडिटोरायसाठी राखावा. एखाद्या सहकाऱ्याने रविवारी घरी कॉफी-केकला बोलावले, तर हे तिन्ही पर्याय बाजूला ठेवून तिकडे जावे, आणि निमंत्रण चारचे असेल तर चारलाच पोहोचावे, कारण यजमान केक न कापता वाट पाहत असतात.